पत्र आल्यानंतर

पत्र पातळ होतं.
कर्कवॉलहून आलेलं, एकच पान, खाली निळी सही.
ड्रेव्हरनं ते दाराच्या फटीतून सरकवलं नाही,
बेल वाजवून हातात दिलं.
अकरा महिन्यांत पहिल्यांदाच वाजवली त्यानं आपली बेल, सिगर्ड.

'निर्दोष' असा शब्द त्यात नव्हता.
'पुढील कारवाई नाही' एवढंच होतं,
आणि अ‍ॅबर्डीनला सापडलेल्या दुसऱ्या एका माणसाचा उल्लेख.
उंची तुझ्याइतकीच म्हणे,
अंगात तसलाच पिवळा रेनकोट.

ती मुलगी खोटं बोलली नव्हती.
धक्क्यावर, जाळ्यांच्या गोदामामागे,
दिवा गेलेल्या रात्री
तिच्यावर गुदरलं ते गुदरलंच होतं.
तिनं फक्त पिवळा रंग सांगितला.
त्या रंगात तुला बसवलं ते आम्ही, सगळ्या गावानं,
दोन दिवसांत,
कुणी मोठ्यानं काही न बोलता.

तू पत्र वाचलंस. घडी घातलीस.
पावाच्या डब्याखाली ठेवलंस
आणि बटाटे सोलायला बसलास.
धुतल्या तांदळासारखा म्हणावं
तर या बेटावर तांदूळ कुठला!
इथं बटाटे. मातीसकट घरात येतात.
तीन पाण्यांत धुतले
तरी डोळ्यांत थोडी राहतेच.

मिसेस लिंकलेटरनं मग दोन स्कोन जास्तीचे बांधून दिले.
पैसे नको म्हणाली. तीनदा म्हणाली.
तू ते भिंतीवर ठेवून आलास, गलपाखरांसाठी,
आणि मी तुला ओरडले, अन्न आहे ते, म्हणून.
फेरीवाल्या कंपनीनं परत बोलावलं,
पण खाली, इंजिनाजवळ.
प्रवाशांपासून जरा लांब,
तुलाच बरं पडेल म्हणून.
वीस वर्षं तू शिडीच्या टोकाशी उभा राहून
म्हाताऱ्यांना हात दिलेला.
आता ते हात तू खिशात घालत नाहीस,
पुढेही करत नाहीस.
दोन्ही बाजूंना धरून चालतोस,
दुसऱ्या कुणाचे पोचवायचे असल्यासारखे.

हिवाळ्यात साडेतीनलाच अंधारतं.
आपल्या गल्ल्या अशा, की दोन माणसं समोरासमोर आली
तर एकानं भिंतीला पाठ लावायची.
गल्लीत शिरण्याआधी तू शीळ घालतोस,
पलीकडून कुणी बाई येत असेल तर
तिला कळावं, की कुणीतरी येतंय,
आणि तिला हवं तर वळता यावं.
सूर वगैरे नसतो त्याला.

हे सगळं मी सांगू शकते. पुढचं अवघड आहे.

तुला घेऊन गेले त्या रात्री
मी तुझा शर्ट दिव्याखाली धरला.
वरून तिसरं बटण तुटलेलं.
एप्रिलमध्ये, मेंढी व्यायला आली तेव्हा,
तिच्या खुराखाली ते तुटलं होतं,
माझ्यासमोर. मी हसले होते.
त्या रात्री मला एप्रिल आठवला नाही.
मी डब्यातून बटण काढलं आणि शिवलं,
पोलीस सकाळी कपडे न्यायला येतील म्हणून,
दारं लावून, पडदे ओढून.

तुला वाचवायला शिवलं, असं मी म्हणत आले.
पण ज्याला वाचवायचं
त्यानं काहीतरी केलेलं असावं लागतं ना.

बाकीच्या बटणांना चार भोकं आहेत. त्याला दोन.
कधी विचारलं नाहीस.
शर्ट परत आला तेव्हा पिशवीतून काढलास,
अंगठा त्या बटणावर थांबला,
मग दुसऱ्या कपड्यांसोबत घडी करून ठेवलास.

काल संध्याकाळी मी चुलीशी होते, दाराकडे पाठ.
ओसरीत बूट काढल्याचा आवाज आला.
आणि मग शीळ,
स्वतःच्या स्वयंपाकघरात यायच्या आधी.

"ये," म्हणाले मी.
किटली उकळायला लागली होती.
वळून पाहिलं,
तर तू अजून उंबऱ्यापलीकडेच,
पायमोजे ओले,
हात बाजूला.